पहिला घाव

रेने येणार आहे हे लॉरेननं भावाला सांगितलं, पण त्याला माघारी फिरता येणार नाही अशा वेळी. नॉर्बर्ट सोबचाकनं आपली लाल शेवेल बहिणीच्या हिरवळीवर हळूहळू मागे घेत मेपलच्या सावलीत अचूक बसवली होती, इंजिन बंद केलं होतं आणि बॉनेटवरच्या काळ्या पट्ट्यांवरून फडकं फिरवायला घेतलं होतं.

"कोण येणार आहे?" ऐकू आलं होतं तरी त्यानं विचारलं.

"तुझी मुलगी. पा पंचाहत्तर वर्षांचे होताहेत, नॉर्ब. नातीला नाही बोलवायचं तर कुणाला, हॉइटला?"

"हॉइट तर येणारच आहे."

"ते दिसतंय मला," लॉरेन म्हणाली. कोपऱ्यावर पांचा कारखान्यातला जुना सोबती हॉइट टॅकेट आणि जुन्या गाड्यांच्या क्लबचे आणखी सहा-सात जण आपापल्या गाड्या एका रांगेत लावून घडीच्या खुर्च्या उघडत होते. सगळ्या गाड्या साठ-सत्तरच्या दशकातल्या, सगळ्या इथल्याच, डेट्रॉइटच्या. प्रत्येकाचं बॉनेट उघडं, आतलं इंजिन ताटात वाढून ठेवल्यासारखं.

ऑगस्टमधला तो शनिवार होता. वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची वार्षिक मिरवणूक होती, सकाळपासून गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या आणि दोन्ही कडेला माणसं जत्रा बघावी तशी बसली होती. लॉरेनचं घर वुडवर्डपासून दुसरं. दर वर्षी हा दिवस आणि पांचा वाढदिवस एकाच आठवड्यात यायचे, त्यामुळे पाच वर्षं झाली, सोबचाकांचा वाढदिवस इथंच व्हायचा.

"गाडी कुठं लावणार ती?" नॉर्बर्टनं विचारलं.

"माझ्या ड्राइव्हवेत. तो माझा आहे."

नॉर्बर्टनं फडकं पुन्हा बॉनेटवर फिरवलं. हे वाक्य त्याचंच होतं. दीड वर्षापूर्वी रेने पहिल्यांदा ती सिव्हिक घेऊन घरी आली, तेव्हा त्यानं दारात उभं राहून सांगितलं होतं, हा ड्राइव्हवे माझा आहे, इथं जपानी गाडी उभी राहणार नाही. वीस वर्षांची पोर. "मग मीही नाही राहणार," एवढंच म्हणाली आणि तीन खेपांत सामान घेऊन गेली. आता हेझल पार्कला एका गॅरेजच्या वर दोन मैत्रिणींबरोबर राहत होती आणि खाली त्याच गॅरेजात इंजिनं जुळवत होती. सगळी जपानी.

त्यानं मागच्या सीटवरची मोठी चौकट बाहेर काढली. तपकिरी कागदात गुंडाळलेली, तीन फूट रुंद. लॉरेनच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

"पांसाठी भेट. युनियनच्या पिकनिकचा फोटो. त्या फोटोग्राफरला शोधून काढला मी. वायनडॉटला राहतो, तळघरात खोकीच्या खोकी भरलेत निगेटिव्ह. वर्तमानपत्रातलं कात्रण बघून बघून फाटलं माझं. हा बघ तू, आरशासारखा आलाय."

लॉरेननं कागदावर हात ठेवला. "नॉर्ब, हा आज नको देऊस."

"का?"

"नको म्हणते म्हणून. केक कापू, जेवू, गाड्या बघू. हा नंतर घरी नेऊन दे त्यांना."

त्याला वाटलं, रेनेसाठी बोलतेय. आणि रेने येणार असेल तर चांगलंच, त्याच्या मनात आलं. तिनंही बघावा. आपण कुणाची नात आहोत हे एकदा तीन फुटांत बघावं.

आई-वडील अकराच्या सुमाराला आले. पा म्हणजे कॅझिमिर सोबचाक, एकतीस वर्षं ओतशाळेत आणि मग इंजिनच्या लाइनवर काढलेला माणूस, अजून खांदे ताठ. आई जेनेव्हीव त्यांच्या कोपराएवढी. जेमतेम चार फूट अकरा. ती आली की आधी प्रत्येकाच्या गाडीत डोकावायची. तिनं विणलेल्या, नागमोडी पट्ट्यांच्या उश्या घरातल्या सगळ्यांच्या गाड्यांत असायच्या, आणि कुणी ती मागे फेकली तर तिला आवडायचं नाही. ती स्वतः गाडी चालवत नसे. भीती वाटते म्हणायची. मुलांना हे इतकं सवयीचं झालं होतं की ती कधीकाळी चालवत होती हेच विसरायला झालं होतं.

रेनेची सिव्हिक आली ती आधी ऐकू आली. कोपऱ्यावर एकच हशा पिकला.

"मॅडम, शिवणयंत्र चालू राहिलंय कुठंतरी," हॉइट खुर्चीतूनच म्हणाला.

रेनेनं काच खाली केली. "हॉइट अंकल, मागच्या आठवड्यात तुमच्या रोड रनरला कुणी शिवलं मग? टेलिग्राफ रोडवर?"

"त्या दिवशी माझा क्लच घसरत होता."

"दर वेळी काहीतरी घसरतंच की तुमचं. आणि वळण आलं की तुम्ही सगळे चर्चमध्ये असल्यासारखे डोळे मिटून घेता."

"सात लिटरचं इंजिन आहे पोरी याच्यात. तुझ्यात किती? दुधाची पिशवी?"

"दुधाची पिशवीच तुम्हाला मागे टाकून गेली ना, तेच सांगतेय."

क्लबवालेही हसले. पाही ओठांतल्या ओठांत हसले, हे नॉर्बर्टनं पाहिलं आणि त्याला ते टोचलं. रेने उतरली, आजीला कमरेतून उचलल्यासारखी मिठी मारली, "बुशा, पुन्हा बारीक झालीस," म्हणाली, आजोबांच्या गालाला गाल लावला, "जाजा, शंभर वर्षं," आणि वडिलांकडे बघून फक्त मान हलवली. त्यानंही हलवली.

जेवण झालं. कोबी, भाजलेले किएल्बासा सॉसेज, लॉरेननं रात्री जागून केलेले पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या. खसखशीचा गुंडाळलेला केक आईनं स्वतः कापायला घेतला. नॉर्बर्टनं ती चौकट आणून पांच्या समोरच्या टेबलाला टेकवली. हॉइटला हाक मारली. क्लबवाले बिअरचे डबे हातात घेऊन गोळा झाले.

"पा, मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "ब्याऐंशी साली जपानी गाड्यांपायी कारखान्यानं आपल्या सगळ्यांना घरी बसवलं. मी पोटासाठी ह्यूस्टनला गेलो. चार जण एका ट्रेलरमध्ये, परक्या गावात, रोज वाटायचं आपलं सगळं संपलं. तेव्हा हा फोटो पोस्टानं आला. मी तो भिंतीला चिकटवला. रोज सकाळी बघून कामाला जायचो. मी जो काही आहे तो याच्यामुळे आहे. बास." आणि त्यानं कागद फाडला.

युनियन हॉलचं मागचं आवार. मध्ये एक लहानशी जपानी गाडी. तिच्यासमोर कॅझिमिर सोबचाक, अठ्ठावन्न वर्षांचे, घण डोक्याच्या वर उचललेला, जबडा आवळलेला. मागे शंभरेक माणसं. पहिला घाव पडायच्या आधीचा क्षण. काचा अजून शाबूत.

क्लबवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या. हॉइटनं मात्र वाजवली नाही. नॉर्बर्ट वडिलांकडे बघत होता. त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि त्याला वाटलं भरून आलंय.

"कुठं मिळाला हा तुला?" पा म्हणाले.

"सांगतो ना, तो फोटोग्राफर—"

"झाक तो."

"काय?"

"झाक म्हणतो ना."

पण रेने तोवर चौकटीपुढे उकिडवी बसली होती. तिला ती गाडी बघायची होती. फोटोतल्या माणसाशी तिला देणंघेणं नव्हतं. "डॅट्सन आहे ही," ती म्हणाली. "बी टू-टेन. चांगली ठेवलेली होती, बंपरला ओरखडा नाही. भंगारातली नाही ही, डॅड. चालती गाडी होती." मग तिनं काचेला नाक लावलं आणि तिचा आवाज बदलला. "ड्रायव्हरच्या सीटवर उशी आहे."

तिनं मान वळवून आजीकडे पाहिलं.

"नागमोडी पट्ट्यांची. बुशा, ही तुझी उशी आहे."

आईनं सुरी केकच्या बाजूला ठेवली, एप्रनला हात पुसले. ती फोटोजवळ आली नाही. तिथूनच म्हणाली, "हो. गाडीही माझीच होती."

नॉर्बर्टला शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागला. आधी त्याला वाटलं, आईचं वय झालं, काहीतरी गोंधळ होतोय. त्यानं मदतीसाठी लॉरेनकडे पाहिलं. लॉरेन गवताकडे बघत होती. त्यानं हॉइटकडे पाहिलं. हॉइटनं बिअरचा डबा टेबलावर ठेवला आणि टोपी काढली.

"तुम्हाला माहीत होतं?" नॉर्बर्टनं विचारलं. कुणाला विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

"मी एकोणीस वर्षांची होते, घरातच होते," लॉरेन म्हणाली. "गॅरेजच्या दारावर लोकांनी लाल रंगानं लिहिलेल्या शिव्या मीच घासून काढल्या. तुला सांगायचं नाही म्हणून पांनी शपथ घातली."

"ते दिवस तसे होते, नॉर्ब," हॉइट म्हणाला. "लोकांनी ती गाडी बघितली होती. कॅझच्या दारात जपानी गाडी. चिडले होते सगळे. मी एवढंच म्हणालो की पिकनिकला तूच घेऊन ये, तूच पहिला घाव घाल, विषय मिटेल."

"आणि तू इतकी वर्षं माझ्या गॅरेजमध्ये बसून त्या कात्रणाकडे बघत बिअर पीत होतास."

हॉइटनं टोपी हातात उलटीसुलटी फिरवली.

"गाडी मी घेतली होती," आई म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, मीठ कमी पडलंय सांगावं तसा. "हे बिनकामाचे घरी बसलेले. मला इस्पितळात कपडे धुण्याचं काम मिळालं होतं, पहाटे पाचला हजर. तेवढ्या लवकर बस नव्हती. जुन्यात हीच गाडी परवडली. घरातल्या शेवेलमध्ये माझे पायच पोचत नव्हते. हिच्यात पोचायचे."

"जेनी," पा म्हणाले.

"बोलू दे, कॅझ. मुलानं एवढी मोठी करून आणलीय." ती नॉर्बर्टकडे वळली. "यांनी मला विचारलं नाही. शनिवारी मी कामावरून येऊन झोपले होते, तेव्हा पर्समधून किल्ली घेतली. मी उठले तर गाडी नाही. म्हणाले, चोरीला गेली. मी पोलिसांत जायला निघाले तर म्हणाले, राहू दे, मिळणार नाही. गुरुवारी वर्तमानपत्र आलं."

वुडवर्डवर कुणीतरी जागच्या जागी इंजिन गुरगुरवलं आणि गर्दी ओरडली. नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढे त्या हिवाळ्यातली एक गोष्ट आली. आई बसथांब्यावर बर्फात घसरून पडली, मनगट मोडलं, असं लॉरेननं फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला होता, तिला म्हणावं जपून चालत जा.

"खिडकीतून वीट आली होती," पा म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "लॉरेनच्या पलंगावर पडली. ती खाली होती म्हणून वाचली. कुणी टाकली ते मला ठाऊक होतं, रोज माझ्या शेजारी उभा राहून डबा खाल्लेला माणूस. मला दुसरं सुचलं नाही. त्या फोटोत लोकांना वाटतं मला राग आलाय. मला राग नव्हता आला. मी घाबरलो होतो. हात वर केला आणि सीटवर ती उशी दिसली. तरी घातला."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," नॉर्बर्ट म्हणाला.

"तू पत्र पाठवलंस."

"कसलं पत्र?"

उत्तर आईनं दिलं. "ते कात्रण मी पाठवलं होतं तुला. यांनी नाही. यांनी तर पेपर जाळायला काढला होता. मी आधीच कापून घेतलं. एप्रिलमध्ये मी तुला लिहिलं होतं, छोटी निळी गाडी घेतली, खूप छान चालते. आठवतं का?"

त्याला आठवलं. निळी हा शब्दही आठवला. त्यानं ते पत्र ट्रेलरच्या पायरीवर बसून वाचलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं.

"मला वाटलं, कात्रण बघून तुला कळेल. घरातल्या एकाला तरी कळावं असं वाटत होतं मला. तू लांब होतास, तुला कुणाची भीती नव्हती. तू फोन करशील, यांना काहीतरी बोलशील. तुझं पत्र आलं, 'पांना सांग, मला त्यांचा अभिमान वाटतो.' मी ते जेवताना वाचून दाखवलं."

"मा, फोटो काळापांढरा होता. एवढासा. नुसते ठिपके. त्याच्यात उशी दिसत नव्हती."

"मला दिसत होती," आई म्हणाली.

नॉर्बर्ट तिथं उभा राहू शकला नाही. तो घराच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं हात खिशात घातले. रडावं असं वाटत नव्हतं. कुणी शेवेलमधून इंजिन काढून घेतलंय आणि आपण इतकी वर्षं रिकामं बॉनेट पुसत होतो, असं काहीतरी वाटत होतं, आणि तेही नीट धरता येत नव्हतं. वीस वर्षांच्या पोरीला दारातून परत पाठवताना त्यानं नेमकं काय म्हटलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. तुझ्या आजोबांनी असल्या गाडीचं काय केलं होतं ते जाऊन बघ गॅरेजमध्ये, म्हटलं होतं.

रेने त्याच्या मागे आली. दोन पावलांवर थांबली.

"दीड वर्षापूर्वी मी जे बोललो ना," त्यानं सुरुवात केली.

"आत्ता नको, डॅड."

"मग कधी?"

"आत्ता नको एवढंच म्हणाले. कधीच नको नाही म्हणाले." तिनं हिरवळीकडे मान वळवली. "बुशा माझी किल्ली मागतेय. तू येऊन सांग तिला काहीतरी."

हिरवळीवर क्लबवाले पांगले होते. कुणीतरी चौकट उलटी करून भिंतीला लावली होती. पा खुर्चीत तसेच बसले होते. आई सिव्हिकच्या दाराशी पर्स खांद्याला लावून उभी होती.

"मा, आज वुडवर्डवर काय गर्दी आहे बघ," नॉर्बर्ट म्हणाला. "आणि तू सतरा वर्षं चालवली नाहीयेस."

"गर्दी आहे तेच बरं. कुणी जोरात जाणार नाही."

"लायसन्स लागतं, जेनी," पा खुर्चीतून म्हणाले.

तिनं पर्समधून पाकीट काढलं, त्यातून लायसन्स काढून मुलाच्या हातावर ठेवलं. फोटो नवा होता. मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती.

"दर चार वर्षांनी नवं करते," ती म्हणाली. "डोळे तपासून देतात. बसनं जाऊन येते."

पांनी ते ऐकलं. ते हळूहळू उठले. सगळ्या दुपारभरात त्यांच्या चेहऱ्यावर इतका धक्का नॉर्बर्टनं पाहिला नव्हता. फोटो उघडला तेव्हाही नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवणाऱ्या बाईनं त्यांच्यापासून चार वेळा लायसन्स लपवलं होतं. ते गाडीच्या दुसऱ्या दारापाशी गेले आणि हँडलला हात लावून उभे राहिले. आत बसायची परवानगी मागताहेत हे सगळ्यांना दिसत होतं.

"आज नाही, कॅझ," आई म्हणाली. "आज मी नि रेने."

त्यांनी हात काढला आणि मागे सरकून उभे राहिले. लॉरेननं जाऊन त्यांचा दंड धरला.

आई चाकामागे बसली; सीट पुढे ओढून ओढून शेवटच्या खाचेला गेली. रेने शेजारी बसून काहीतरी समजावू लागली, तर आईनं तिला हातानं गप्प केलं. पहिल्यांदा क्लच लवकर सुटला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा ती ड्राइव्हवेतून बाहेर आली, डावीकडे वळली आणि वुडवर्डच्या तोंडाशी येऊन थांबली. समोरून गाड्यांची सलग रांग सरकत होती, एकाला एक चिकटून, सगळ्यांची इंजिनं घुमत होती. इवलीशी सिव्हिक आत घेईल असा त्यात एकही नव्हता. एका पिवळ्या जीटीओवाल्यानं तर मुद्दाम पुढच्या गाडीला खेटून फट बुजवली आणि हसत रेनेकडे बघितलं.

नॉर्बर्ट धावला असं नाही. त्याचे पाय निघाले एवढंच. तो सिव्हिकला वळसा घालून सरळ रस्त्यात उतरला आणि जीटीओच्या नाकासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. मागे हॉर्न सुरू झाले. जीटीओवाला क्लबातलाच होता, त्याला ओळखत होता.

"नॉर्ब, वेड लागलंय का तुला? त्या डबड्यासाठी?"

"थांब जरा."

"कोण आहे कोण त्याच्यात?"

"माझी आई आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "थांब."

त्यानं मान वळवली. सिव्हिक दीड हात पुढे आली, थरथरली आणि ऐन रस्त्यात पुन्हा बंद पडली. हॉर्न आता तीन रांगांतून वाजत होते. काचेआड आई खाली वाकून गिअरकडे बघत होती, घाई न करता. त्यानं हात खाली घेतले नाहीत. स्टार्टर किरकिरला, थांबला, पुन्हा किरकिरला, आणि मग इंजिन लागलं. त्या सगळ्या घुमणाऱ्या आवाजांतही ते त्याला वेगळं ऐकू आलं. आईनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलंच नाही, आणि गाडी रस्त्यावर घेतली.